शिज्याझ्वांग आणि परिसरातील ऐतिहासिक स्थळे: प्रथमच जाणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

बीजिंगच्या नैऋत्येस सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर असलेले शिज्याझ्वांग हे हेबेई प्रांताच्या राजधानीचे शहर पर्यटकांच्या यादीत क्वचितच असते. मराठी माणसाने मात्र तेथे जावे असे मला मनापासून वाटते, कारण सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस या शहरात चिरविश्रांती घेत आहेत. त्यांच्या समाधीसाठी आलेला माणूस सहसा तासाभरात फुले वाहून परत फिरतो, आणि तेथून थोड्याच अंतरावर सुमारे हजार वर्षांची लाकडी मंदिरे व चौदाशे वर्षांचा दगडी पूल आहे हे त्याच्या गावीही नसते. हे सारे एकाच प्रवासात, धावपळ न करता कसे पाहता येईल, ते या लेखात क्रमाने सांगितले आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्यावी, म्हणजे पुढील आखणी सोपी जाईल. शिज्याझ्वांग हे जुने शहर नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे एक लहान खेडे होते. बीजिंग–हानकोऊ लोहमार्ग आणि १९०७ मध्ये पूर्ण झालेला थाययुआनकडे जाणारा लोहमार्ग येथे एकत्र आले आणि खेड्याचे शहर झाले. थाययुआनचा मार्ग खरे तर झंगदिंग या जुन्या ठाण्याच्या गावापासून निघायचा होता, परंतु हुथ्वो नदीवर पूल बांधावा लागू नये म्हणून त्याचा आरंभ नदीच्या दक्षिणेला आणण्यात आला. त्यामुळे वैभव इकडे वाढले आणि मंदिरे तिकडे राहिली. प्रांताची राजधानीही येथे १९६८ मध्ये आली. मुक्काम शहरात करावा, पण जुने पाहण्यासाठी शहराबाहेर पडावे, हाच येथील नियम होय.

१. कागदपत्रे आणि घरून करायची तयारी

भारतीय पारपत्रधारकांना चीनचा व्हिसा आधी काढावा लागतो. काही देशांच्या नागरिकांना मिळणारी दहा दिवसांची व्हिसामुक्त संक्रमणाची सवलत आपल्याला लागू नाही. आंतरजालावर तिची वर्णने सर्वत्र दिसतात आणि ती वाचून अनेकांचा गैरसमज होतो, म्हणून हे प्रारंभीच स्पष्ट करतो. सोबत पुढील गोष्टी असाव्यात:

- मूळ पारपत्र, तसेच पारपत्राच्या व व्हिसाच्या पानाच्या दोन छायाप्रती
- परतीचे तिकीट, हॉटेलची आरक्षणे आणि दिवसवार कार्यक्रमाचा कागद (व्हिसाच्या अर्जालाही हेच लागतात)
- परदेशात चालणारे क्रेडिट किंवा डेबिट कार्ड आणि थोडे रोख युआन, शक्यतो लहान नोटांत
- मोबाइलमध्ये आंतरजालाशिवाय चालणारे भाषांतराचे ॲप, चिनी भाषा आधीच उतरवून घेतलेली
- प्रत्येक स्थळाचे व हॉटेलचे नाव चिनी लिपीत लिहिलेली चित्रे

शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण प्रवासाचा अर्धा भार त्यावर आहे. आपण देवनागरीत किंवा रोमन लिपीत वाचून उच्चारलेले नाव टॅक्सीचालकाला बहुधा कळत नाही. चिनी अक्षरे दाखवली की प्रश्न क्षणात सुटतो.

पैसे देण्यासाठी अलिपे आणि वीचॅट ही दोन ॲप भारतातूनच उतरवून घ्यावीत, त्यांत पारपत्राची नोंद करावी आणि कार्ड जोडून ठेवावे. ओळख पडताळणीसाठी मोबाइलवर संदेश येतो, म्हणून आपला भारतीय क्रमांक तेथे चालू राहील अशी व्यवस्था करावी. गूगल आणि व्हॉट्सॲप चीनमधील जाळ्यावर चालत नाहीत, मात्र भारतीय सिमचे रोमिंग घेतल्यास ते सामान्यतः चालतात. नकाशासाठी तेथील गाओदे किंवा बायदू हीच ॲप वापरावीत.

काळ निवडताना एप्रिल–मे किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचा मध्य पाहावा. हिवाळ्यात थंडी कडक असते आणि धुरकेही असते. १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा आणि १ मेच्या आसपासचे दिवस कटाक्षाने टाळावेत, कारण त्या काळात रेल्वेची तिकिटेच हाती लागत नाहीत.

२. शहरात पोहोचणे आणि मुक्काम

बीजिंगहून जलद रेल्वेने साधारण सव्वा ते दीड तास लागतो. बहुतेक गाड्या बीजिंग पश्चिम स्थानकावरून सुटतात. बीजिंगमध्ये मोठी स्थानके अनेक आहेत आणि ती एकमेकांपासून बरीच लांब आहेत, म्हणून तिकिटावरचे स्थानकाचे नाव आदल्या रात्री पुन्हा वाचावे. तिकिटे पंधरा दिवस आधी खुली होतात आणि ती पारपत्राच्या क्रमांकावर निघतात. पारपत्र हेच तिकीट समजावे. स्वयंचलित फाटकाने ते वाचले नाही तर कडेच्या फाटकावरील कर्मचाऱ्याला दाखवावे. सामानाची तपासणी होते, तेव्हा पाऊण तास आधी पोहोचणे बरे.

येथे एक मोठी फसगत संभवते. ‘झंगदिंग विमानतळ’ नावाचे रेल्वे स्थानक त्याच मार्गावर आहे, आणि झंगदिंगची मंदिरे पाहायची म्हणून नवखा माणूस तेथेच उतरतो. ते स्थानक विमानतळासाठी आहे आणि जुन्या गावापासून पुष्कळ दूर आहे. उतरायचे ते शिज्याझ्वांगच्या मुख्य स्थानकावरच.

हॉटेल घेताना परदेशी पाहुण्यांची नोंद तेथे होते ना, हे आधी विचारून घ्यावे. परदेशी व्यक्तीची पोलिसांकडे चोवीस तासांत नोंदणी व्हावी असा नियम आहे आणि ती हॉटेलच करते. परिचितांच्या घरी उतरणार असाल तर मात्र पोलीस ठाण्यात जाऊन स्वतः नोंद करावी लागते. मेट्रोच्या पहिल्या मार्गिकेजवळ राहिल्यास शहरातील दोन्ही महत्त्वाची ठिकाणे थेट गाठता येतात.

३. पहिली सकाळ: डॉ. कोटणीस यांची समाधी

मेट्रोच्या पहिल्या मार्गिकेवर ‘लिएशी लिंगयुआन’, म्हणजे हुतात्मा स्मशानभूमी, या स्थानकावर उतरावे. उत्तर चीन लष्करी हुतात्मा उद्यान येथून जवळ आहे. त्याच मार्गिकेवरील पश्चिमेकडच्या स्थानकाचे नाव ‘हपिंग यीयुआन’, अर्थात शांतता रुग्णालय, असे आहे. ते ज्या बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयावरून पडले, त्याचेच डॉ. कोटणीस पहिले संचालक होते. त्यांच्या काळी हे रुग्णालय डोंगराळ खेड्यांत चालत असे. मेट्रोच्या डब्यात ही दोन नावे लागोपाठ ऐकताना ऊर भरून येतो.

जाण्यापूर्वी थोडा इतिहास उजळून घ्यावा. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यासाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात अटल, मुखर्जी आणि बसू यांच्यासह नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस होते. मुंबईच्या जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कोटणीस १९३९ मध्ये चिनी साम्यवाद्यांचे केंद्र असलेल्या यानआनला पोहोचले आणि पुढे आघाडीलगतच्या प्रदेशात शस्त्रक्रिया करू लागले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून शस्त्रक्रियेच्या वेळी झालेल्या जखमेतून रक्तात विष भिनून नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली. त्याच वर्षी त्यांनी परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे बत्तीस होते आणि मुलगा काही महिन्यांचा होता.

उद्यानात बेथून आणि कोटणीस या दोघांच्याही समाध्या व पुतळे आहेत. प्रवेशद्वारावरील रक्षकाला ‘ख दीह्वा’ हे त्यांचे चिनी नाव सांगावे, कोटणीस म्हटल्यास बोध होत नाही. पारपत्र जवळ असावे. फुले न्यायची असल्यास पांढरी किंवा पिवळी शेवंती न्यावी, तीच तेथील रीत आहे. मोठ्याने बोलणे आणि समाधीच्या चौथऱ्यावर बसून छायाचित्रे काढणे टाळावे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छिंगमिंग हा पितरांचा सण येतो आणि शाळांचे गटच्या गट उद्यानात येतात. गर्दी असते खरी, पण चिनी मुले एका सोलापूरकराच्या समाधीपुढे मान लववतात हे पाहायचे असेल तर तोच काळ साधावा.

ज्यांना आणखी खोलात जायचे आहे त्यांनी उत्तरेकडील थांग जिल्ह्यात जावे. बेथून आणि कोटणीस यांचे संयुक्त स्मारक संग्रहालय तेथे आहे आणि कोटणीसांचा अखेरचा काळही त्याच जिल्ह्यातील खेड्यांत गेला. त्यासाठी गाडी ठरवून पूर्ण दिवस राखून ठेवावा.

४. हेबेई संग्रहालय

याच मार्गिकेवर पूर्वेकडे ‘पोवूयुआन’ स्थानक आहे. प्रवेश निःशुल्क असला तरी पारपत्रावर आधी वेळ आरक्षित करावी लागते आणि सोमवारी संग्रहालय बंद असते. आरक्षण मोबाइलवर जमले नाही तर हॉटेलच्या स्वागतकक्षाला विनंती करावी.

वेळ कमी असेल तर मानछंगच्या दालनात थेट जावे. १९६८ मध्ये मानछंग येथील डोंगरात हान राजवंशातील राजा ल्यू शंग आणि त्याची राणी दौ वान यांच्या कबरी सापडल्या. सोन्याच्या तारेने जेडचे तुकडे ओवून केलेले प्रेतवस्त्र येथे आहे आणि छांगशिन महालाचा दिवाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझच्या या दिव्याची उंची ४८ सेंटीमीटर आहे. गुडघे टेकून बसलेली दासी डाव्या हाताने दिवा धरते आणि तिच्या उजव्या हाताची बाही दिव्यावर छपरासारखी येते. ही बाही आतून पोकळ असल्यामुळे धूर तिच्यातून मूर्तीच्या पोटात जातो. दिव्याच्या दोन वक्र झडपा सरकवून उजेड कमीजास्त करता येत असे आणि त्याची दिशाही बदलता येत असे. काचेच्या मागील बाजूला जाऊन बाहीचा जोड अवश्य पाहावा. नंतर चोंगशान या प्राचीन राज्याचे दालन पाहिले तरी पुरे.

५. झंगदिंग: किमान एक संपूर्ण दिवस

या सर्व परिसरातील माझे सर्वांत आवडते ठिकाण हेच. हुथ्वो नदी ओलांडून उत्तरेला गेले की सुमारे पंधरा किलोमीटरवर हे गाव लागते. शहरातून बस मिळते, तिघेचौघे असाल तर टॅक्सी सोयीची पडते. गावात शिरल्यावर सर्व काही पायी पाहता येते.

आरंभ लोंगशिंग मंदिरापासून करावा. स्थानिक लोक त्याला ‘ताफोस’, म्हणजे मोठ्या बुद्धाचे मंदिर, म्हणतात आणि टॅक्सीचालकाला हेच नाव सांगावे. मंदिराची स्थापना ५८६ मधली. त्याच वर्षीचा शिलालेख आवारात उभा असून चिनी सुलेखनाच्या इतिहासात त्याला मोठा मान आहे.

आत गेल्यावर लोकांचा लोंढा सरळ मागच्या उंच मूर्तीकडे धावतो. आपण मात्र आधी मोनी सभागृहात, म्हणजे शाक्यमुनींच्या मंदिरात, थांबावे. चौकोनी वास्तूच्या चारही बाजूंना एकेक मुखमंडप पुढे काढलेला असल्याने तिचा आराखडा अधिकचिन्हासारखा झाला आहे. अशी प्राचीन चिनी वास्तू अत्यंत विरळ आहे. वास्तुतज्ज्ञ ल्यांग सिचंग १९३३ मध्ये येथे आले आणि बांधणी पाहून ही वास्तू सोंग काळातील असावी असा निर्वाळा त्यांनी दिला. पुढे १९७० च्या दशकाअखेरीस दुरुस्तीसाठी लाकडे सुटी केली तेव्हा त्यांवर शाईने लिहिलेले वर्ष सापडले. ते इ.स. १०५२ निघाले. छताखालच्या लाकडी तोड्यांच्या रांगा नीट पाहाव्यात. छताचा सारा भार त्या खांबांवर उतरवतात, आणि कोपऱ्यांजवळचे काही तोडे तिरके बाहेर आलेले आहेत.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. मुख्य बुद्धमूर्तीचे दर्शन घेऊन आल्या वाटेने बाहेर पडू नये. मूर्तीमागच्या भिंतीला वळसा घालून उत्तरेकडील बाजूस जावे. तेथे मातीच्या रंगीत डोंगरात क्वानयिन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, बसलेला आहे. एक पाय खाली कमळावर टेकलेला, दुसरा वर घेतलेला, हात गुडघ्याभोवती सैल गुंफलेले आणि मान किंचित झुकलेली. उत्तरेकडे तोंड असल्यामुळे या मूर्तीला ‘उलटी बसलेली क्वानयिन’ म्हणतात. लेखक लू शुन यांनी या मूर्तीचे छायाचित्र आपल्या मेजावर ठेवले होते. आत प्रकाश मंद असतो, म्हणून डोळे सरावेपर्यंत थांबावे. झगझगीत प्रकाशझोत टाकू नये, रंगांना त्याने इजा होते.

त्यानंतर मागचा महाकरुणा मंडप. सोंग राजवंशाच्या पहिल्या सम्राटाच्या आज्ञेवरून ९७१ मध्ये ओतलेली सहस्रभुज अवलोकितेश्वराची ब्राँझमूर्ती पीठासह एकवीस मीटरहून उंच आहे. पायापासून वर सात टप्प्यांत ती ओतली गेली. बेचाळीस हातांपैकी छातीशी जोडलेले दोनच हात मूळ ब्राँझचे आहेत, बाकीचे नंतर लाकडाचे बसवले. मंडपाची आजची वास्तू मात्र १९९० च्या दशकात पुन्हा उभारलेली आहे. शेजारच्या इमारतीत फिरते ग्रंथागार आहे. आठ बाजूंच्या त्या प्रचंड कपाटात धर्मग्रंथ ठेवून ते कण्यावर फिरवत असत. कपाटाला जागा व्हावी म्हणून सुतारांनी खांब बाजूला सारून वाकड्या तुळया वापरल्या आहेत, त्या वर पाहिल्याशिवाय लक्षात येत नाहीत.

दुपारी गावातील चार स्तूप पाहावेत. ते चालण्याच्या अंतरावर आहेत आणि चारही एकमेकांपासून वेगळ्या घडणीचे आहेत. खाययुआन मंदिरात चौकोनी शूमी स्तूप आहे आणि समोर घंटाघर आहे. घंटाघराचा खालचा मजला तांग काळातील असून तसे दुसरे उदाहरण मिळणे कठीण. तेथेच २००० मध्ये जमिनीखाली सापडलेले अवाढव्य दगडी कासव ठेवले आहे. लिनजी मंदिरातील स्तूप नवव्या शतकातील आचार्य लिनजी यांच्या स्मरणार्थ आहे. जपानमध्ये रिंझाई नावाने रुजलेली झेन बौद्ध परंपरा त्यांचीच, त्यामुळे जपानी भाविक येथे आवर्जून येतात. हे मंदिर आजही चालू आहे, म्हणून प्रार्थनेच्या वेळी आत शांतता राखावी. थ्येननिंग मंदिराच्या स्तूपाचे खालचे मजले विटांचे आणि वरचे लाकडी आहेत. क्वांगहुई मंदिराच्या स्तूपावर हत्ती, सिंह आणि इतर आकृत्यांची इतकी दाटी आहे की दूरून तो फुलांचा गुच्छ वाटतो.

येथेही एक सावधगिरी बाळगावी. ‘रोंगक्वो वाडा’ नावाचे एक आकर्षण गावात जोराने सुचवले जाते. तो १९८० च्या दशकात दूरचित्रवाणी मालिकेसाठी बांधलेला वाडा आहे. ज्यांना आवड असेल त्यांनी पाहावा, परंतु त्यासाठी मंदिरांचा वेळ खर्च करू नये.

६. झाओ जिल्हा: पूल, स्तंभ आणि मठ

शहराच्या आग्नेयेस सुमारे चाळीस किलोमीटरवर हा जिल्हा आहे. बसने जाता येते, परंतु पूल जिल्ह्याच्या गावाबाहेर असल्यामुळे अर्ध्या दिवसासाठी गाडी ठरवणे सोयीचे.

श्याओ नदीवरील झाओझोऊ पूल सुई राजवटीत, ५९५ ते ६०५ च्या सुमारास, ली चुन या कारागिराने बांधला. सुमारे ३७ मीटरचा गाळा एकाच कमानीने ओलांडला आहे आणि तिची उंची सव्वासात मीटरच्या आसपास आहे. कमान इतकी चपटी असल्यामुळे गाड्यांना चढ फारसा लागत नसे. मोठ्या कमानीच्या दोन्ही खांद्यांवर दोन-दोन लहान कमानी ठेवल्या आहेत. त्यांनी दगडाचा भार कमी केला आणि पुराचे पाणीही त्यांतून निघून जाते. मुख्य कमान शेजारी शेजारी उभारलेल्या अठ्ठावीस दगडी पट्ट्यांची असून, एखादा पट्टा ढासळला तर बाकीचे उभे राहतात आणि तेवढाच दुरुस्त करता येतो. पुलावरून चालून परत न जाता काठावर उतरून बाजूने पाहावे, म्हणजे हे सारे उलगडते. पुलाची मोठी दुरुस्ती १९५० च्या दशकात झाली. वरचे कठडे तेव्हाचे आहेत, आणि नदीच्या तळातून काढलेले मूळ कोरीव कठडे संग्रहालयांत ठेवले आहेत.

परत येताना गावातील चौकात थांबावे. रस्त्याच्या मधोमध १०३८ मधला, सुमारे सोळा मीटर उंच, अष्टकोनी दगडी धारणीस्तंभ उभा आहे. भारतातून गेलेली धारणी, म्हणजे बौद्ध मंत्र, त्यावर चिनी अक्षरांत कोरलेली आहे. वाहने सतत फिरत असतात, तेव्हा पाहण्याच्या नादात रस्त्यात उभे राहू नये.

जवळचा पायलिन मठ मोठा आणि देखणा असला तरी त्यातील बहुतेक वास्तू गेल्या काही दशकांतील आहेत. १३३० मधला विटांचा स्तूप तेवढा खरा जुना आहे, आणि तो नवव्या शतकातील झाओझोऊ आचार्यांच्या स्मरणार्थ उभारला आहे. भारताकडे निघण्यापूर्वी तरुण युआन श्वांग झाओझोऊत, म्हणजे याच भागात, एका आचार्यांकडे शिकला होता. तोच पुढे दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला आणि येथील लोकांच्या मानी स्वभावाविषयी लिहून गेला.

७. दूरची ठिकाणे: जावे की नाही?

पश्चिमेकडील फिंगशान जिल्ह्यातील शिबाइपो या खेड्यात १९४८ ते मार्च १९४९ या काळात चिनी साम्यवादी पक्षाचे मुख्यालय होते. आधुनिक इतिहासात रस असल्यास जावे. मूळ खेडे धरणाच्या पाण्याखाली गेले असून आज दिसणारी घरे वरच्या जागेवर पुन्हा बांधलेली आहेत, हे मात्र लक्षात असू द्यावे. जिंगशिंग जिल्ह्यातील त्सांगयान डोंगरात दोन कड्यांमधील दरीवर दगडी कमान टाकून तिच्यावर मंदिर उभारले आहे. तेथे पायऱ्या पुष्कळ आहेत, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी विचार करून ठरवावे. माझ्या मते तीन दिवसांहून कमी वेळ असेल तर ही दोन्ही ठिकाणे सोडून झंगदिंगलाच पुन्हा जावे.

८. शाकाहारी प्रवाशांसाठी

हेबेईत गाढवाच्या मांसाचे भरलेल्या पोळीसारखे खाद्य सर्रास विकले जाते, आणि भाजीतही खिमा किंवा डुकराची चरबी असू शकते. ‘मांस, मासे, चरबी आणि मांसाचा रस्सा चालत नाही’ असे पूर्ण वाक्य चिनीत लिहून ठेवावे, कारण केवळ ‘मांस नको’ म्हटल्याने चरबी आणि रस्सा टळत नाहीत. अंडे चालत असेल तर टोमॅटो-अंड्याची भाजी आणि भात सर्वत्र मिळतो. टोफू आणि वाफवलेले साधे पावही मिळतात. झाओ जिल्ह्याच्या दिवशी बरोबर थोडा फराळ ठेवावा.

९. दिवसांची मांडणी

पहिल्या दिवशी सकाळी समाधी आणि दुपारी संग्रहालय, दुसरा दिवस झंगदिंगला, तिसऱ्या दिवशी सकाळी झाओ जिल्हा आणि संध्याकाळच्या गाडीने बीजिंग, अशी मांडणी सोयीची ठरते. पहिला दिवस सोमवार येत असेल तर क्रम बदलून संग्रहालय पुढे ढकलावे. बीजिंगहूनच त्या रात्रीचे विमान असेल, तर झाओ जिल्ह्यातून दुपारी दोनपूर्वी निघावे, कारण शहरात शिरताना सायंकाळी वाहनांची कोंडी होते, आणि बीजिंग पश्चिम स्थानकापासून राजधानी विमानतळ गाठायला स्वतंत्र दीड तास हाती ठेवावा लागतो.